खुणेची जागा

गेल्या श्रावणांत आमचे ज्येष्ठ बंधु देवदर्शनास म्हणून निघाले, ते दुपार टळली तरी परतले नाहींत. अखेर सदाशिव पेठेंतील एका इमारतीच्या फाटकाशीं ते सांपडले. "आमचा वाडा कोठें गेला?" असें ते रखवालदारास विचारीत होते. वाडा पाडून ती इमारत झाल्यास बारा वर्षें लोटलीं! घरांतील मुलें हंसलीं. आम्हांस राग आला.

त्याच सुमारास एका प्रयोगाची हकीकत आमच्या वाचनांत आली. स्कॉटलंडमधील संशोधक रिचर्ड मॉरिस यांनीं १९८१ सालीं ही कसोटी प्रसिद्ध केली. वाटोळ्या हौदांतील पाणी दूध मिसळून गढूळ करावयाचें व पृष्ठभागाच्या किंचित् खालीं एक लहानसा चौथरा दडवावयाचा. पाण्यांत सोडलेला उंदीर प्रथम सैरावैरा पोहतो. चौथरा पायांस लागला कीं विसावतो. चौथरा दिसत नसल्यामुळें खोलींतील खुणांवरूनच त्यास जागा ध्यानांत ठेवावी लागते. थोड्याच दिवसांत कोणत्याही बाजूनें सोडला तरी तो नीट तेथेंच जातो. मग चौथरा काढून घेतात. तरीही उंदीर त्याच रिकाम्या जागेभोंवतीं घिरट्या घालतो. आणि हें घोटाळणेंच त्याच्या स्मृतीचा पुरावा मानितात!

मेंदूंतील हिपोकॅम्पस हा भाग निकामी झालेल्या उंदरांस ही जागा शिकणें फार जड जातें, असें १९८२ सालीं दिसून आलें. याच भागांत जागेची नोंद ठेवणाऱ्या पेशी जॉन ओकीफ यांस १९७१ सालीं आढळल्या होत्या. २०१४ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी. आमच्या पुण्यांतही, पाषाण येथील आयसर संस्थेंत, सुहिता नाडकर्णी या विदुषींनीं संगणकाच्या साह्यानें याच भागांतील पेशींच्या जोडांचा अभ्यास केला आहे. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या विकारांत हा भाग लवकर ग्रासला जातो. नवें टिकत नाहीं, जुनें मात्र पुष्कळ काळ उरतें.

हें वाचून आमचा राग ओसरला. बंधु बारा वर्षें विसरले खरे, पण जागा चुकले नव्हते. त्यांच्या पायांखालचा चौथरा काढला आम्हींच. वाड्याच्या विक्रीखतावर आमचीही सही आहे.

आतां डॉक्टरांचे उपचार चालू आहेत. शिवाय रोज सायंकाळीं घरांतील कोणीतरी त्यांचा हात धरून त्या फाटकापर्यंत जातें. विहीर कोठें होती, पारिजातक कोठें होता, हें ते अचूक दाखवितात. मुलें आतां हंसत नाहींत, ऐकतात. वाचकांच्या घरीं कोणी वडील माणूस असें घोटाळत असेल, तर त्यांस वेळींच डॉक्टरांस दाखवावें, एकटें सोडूं नये, आणि रागें भरूं नये, एवढीच विनंति.