साठीनंतर पायांतला जोर मोजा

साठी ओलांडलेली चार माणसं मंडळाच्या कार्यक्रमात चहाला एकत्र आली की बोलणं तब्येतीवर येतंच. कोणाची तीन महिन्यांची साखर किती, कोणाची बीपीची गोळी बदलली, कोण रोज किती पावलं चालतं, हे सगळं एकमेकांना ठाऊक असतं. पायांत जोर किती उरला आहे, हे मात्र कोणी कोणाला विचारत नाही. माझं म्हणणं असं की या वयात हाच प्रश्न आधी विचारायला हवा, आणि तो विचारण्याचं काम मंडळाने अंगावर घ्यायला हवं.

तिशीनंतर स्नायू घटू लागतात. दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के, आणि साठीनंतर त्याहून वेगाने. ताकद तर स्नायूंच्या आकाराच्याही आधी उतरते. वजनकाट्यावर हे कळत नाही, कारण गेलेल्या स्नायूंची जागा चरबी घेते आणि आकडा होता तिथेच राहतो. आपण भारतीय यात जास्तच फसतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचंच उदाहरण मांडलं होतं. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. तेव्हा ‘मी तर पहिल्यापासून सडपातळ’ एवढ्यावर निर्धास्त राहू नये. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात. ते घटले की मधुमेह आवरणंही अवघड होतं.

इथे उत्तर अमेरिकेत याचा फटका थेट घराला बसतो. १९६५ साली अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा बदलला, त्यानंतर शिकायला आणि नोकरीला आलेली आपली पहिली पिढी आज पंचाहत्तरी-ऐंशीत आहे. निजायच्या खोल्या वरच्या मजल्यावर, कपडे धुण्याचं यंत्र तळघरात, दारात हिवाळाभर बर्फ, आणि मुलं दुसऱ्या राज्यात. जिना चढता येईनासा झाला की हौसेने घेतलेलं घर सोडायची वेळ येते. अमेरिकेत पासष्टीपुढच्या दर चार माणसांमागे एकाहून अधिक जण दरवर्षी कुठे ना कुठे पडतात. खुबा मोडला तर पुष्कळांना पूर्वीसारखं चालणं पुन्हा जमत नाही.

‘आम्ही रोज फिरायला जातो की!’ असं यावर हमखास उत्तर मिळतं. ते चालणं मुळीच सोडू नये. हृदयाला, मनाला, झोपेला त्याचा फायदा आहेच. पण सपाट रस्त्यावरच्या चालण्यात मांड्यांची बरीचशी ताकद वापरलीच जात नाही. कमोडवरून उठायला, जिना चढायला आणि घसरलेला पाय क्षणात सावरायला नेमकी तीच लागते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सूचनांत आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबर दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत. पासष्टीपुढे, आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद या दोन्हींवर भर देणारे व्यायाम करावेत, असंही त्यात म्हटलं आहे.

‘आता या वयात काय होणार?’ हा दुसरा आक्षेप. बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त रहिवाशांना पायांच्या ताकदीचे व्यायाम दिले गेले. १९९० साली त्याचे निष्कर्ष छापून आले. आठ आठवडे पूर्ण करणाऱ्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठात आखलेल्या घरच्या घरी करायच्या व्यायामक्रमाने पडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी झालं. नव्वदीत जे साधतं त्याला सत्तरीत उशीर झाला असं कसं म्हणायचं?

आपल्याला हा विषय परका नाही. जोर-बैठका काढणाऱ्यांच्या मुलखातून आपण आलो आहोत. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार घरोघरी नेले. मंगळागौरीच्या खेळांत रात्रभर पायांची परीक्षा असे. जमिनीवर मांडी घालून बसणं आणि तिथून उठणं हा रोजचाच व्यायाम होता. तो सोफ्याने आणि डायनिंग टेबलाने संपवला. सुरुवात खुर्चीपासून करावी: हात छातीशी घडी करून सावकाश उठायचं, सावकाश बसायचं, श्वास रोखायचा नाही. जमत नसेल तर आधी हाताचा आधार घ्यावा. मग ओट्याला धरून टाचा उचलाव्यात, एका पायावर उभं राहावं. गुडघे दुखतात म्हणून बसून राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की संधिवातात मांडीचे स्नायू बळकट करणं हा उपचाराचाच भाग आहे. हाडं ठिसूळ झालेल्यांनी कमरेतून वाकायचे व्यायाम मात्र विचारल्याशिवाय करू नयेत. छातीत दुखणं, चक्कर, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर आधी डॉक्टरांना भेटावं.

व्यायामाला ताटाची साथ लागते. वृद्धांच्या आहाराचे तज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सुचवतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम. पातळ वरणाच्या एका वाटीने त्यातला जेमतेम दहावा हिस्सा भरतो. दुपारी पोळी-भाजी आणि रात्री ‘हलकं’ म्हणून दूध-पोहे, यावर स्नायू टिकणार नाहीत. दोन्ही जेवणांत उसळ, पिठलं, पनीर, घट्ट दही, अंडी किंवा मासे यांतलं काहीतरी हवं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं. शाकाहारी असाल, किंवा मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेत असाल, तर बी-१२ तपासून घ्या. त्याच्या कमतरतेने पायांना मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होतं, आणि घरचे वयाला दोष देत राहतात. ही कमतरता औषधाने भरून निघते. उशीर झाला तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं.

हे सगळं एकट्याने घरी करता येतं, पण एकट्याने टिकत नाही. तिथेच मंडळाचं काम सुरू होतं. नाटकाला, ढोलपथकाला, गणपतीच्या जेवणाला आपण सभागृह घेतो, वर्गणी जमवतो, तालमी करतो. तशीच आठवड्यातून दोनदा तासभर जागा घ्यावी, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली वर्ग चालवावा आणि गाडी न चालवणाऱ्यांना आणायची सोय करावी. गणेशोत्सवात प्रत्येक इच्छुक ज्येष्ठाची एक सोपी चाचणी घ्यावी: अर्ध्या मिनिटात हात न टेकता खुर्चीवरून कितीदा उठता येतं? अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या मापानुसार ७० ते ७४ या वयात बाईचा आकडा दहाच्या आणि पुरुषाचा बाराच्या खाली असेल तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. पुन्हा संक्रांतीला मोजावं, पाडव्याला मोजावं. आणि वार्षिक सभेत जमाखर्च वाचताना, किती जणांचा आकडा वाढला तेही कार्यकारिणीने वाचून दाखवावं.