उपवास आणि नम्रता

राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतचे, रविवार वगळून, ४० दिवस अनेक ख्रिस्ती मंडळ्या उपवासकाल म्हणून पाळितात. या दिवसांत आमच्या मुलुंडच्या मुलांत चढाओढ लागते : कोणीं मांस सोडिलें, कोणीं चहा सोडिला! प्रभूच्या दृष्टांतांतील परूशीही असेच आपले उपवास देवापुढें मोजीत होता. न्यायी ठरला तो ऊर बडविणारा जकातदार.

माझ्या मतें खरा धडा भुकेंत आहे. दुपारीं पोटांत कावळे ओरडूं लागले म्हणजे कळतें कीं, ज्या बुद्धीचा आपणांस एवढा अभिमान, तीही भाकरीवर चालते. आणि भाकरी तर शेतकऱ्याच्या व आईच्या श्रमांची! मग प्रार्थनेंत मागणें कमी होतें, उपकार मानणें वाढतें. १८९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं भुकेल्या मुलींना आसरा दिला. संस्कृतांत पारंगत असलेल्या त्या विदुषीची प्रार्थना अशी दुसऱ्याच्या ताटापर्यंत पोंचली.

पालकांनीं मुलांच्या उपवासाची हजेरी घेऊं नये. मुलांनो, मोठा उपवास नको. एक आवडता घास सोडा, तो गुपचूप दुसऱ्यास द्या, आणि तोंड धुऊन, केस विंचरून, हंसतमुखानें शाळेंत या. देवाला ठाऊक असलें म्हणजे पुरे.