आधी अर्थिंग, मग ग्राफिक्स कार्ड

भाच्याने वहीच्या पानावर यादी करून आणली होती. सगळ्यात वर ग्राफिक्स कार्ड, त्याखाली प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, रंगीत दिव्यांचे पंखे, काचेचं कॅबिनेट. अगदी तळाला पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘एसएमपीएस – उरतील त्यात.’ एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. मी यादी खालून वर वाचली आणि म्हणालो, “आधी माझ्या पिशवीतला मीटर आण.”

संध्याकाळचे साडेसात झाले होते. पडवीतल्या सॉकेटला मीटर लावला. १६८ व्होल्ट. यायला हवेत २३०. मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या पायथ्याचं हे घर डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, शेवटच्या खांबावर आहे. दिवेलागणीला वाडीभर दिवे, टीव्ही, पाण्याच्या मोटारी चालू होतात आणि शेवटच्या घरात लाइट दमून पोचते.

मी वायरमन आहे. म्हसा–नारिवली पट्ट्यात बावीस वर्षं घरांचं वायरिंग करतोय आणि अलीकडे पोरांचे कॉम्प्युटरही जोडून देतो. माझं मत आता पक्कं झालंय. गावात गेमिंग कॉम्प्युटर घ्यायचा तर निवड भिंतीतल्या सॉकेटपासून सुरू करायची. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये बसून केलेली यादी इथे उतरवून घेतली, तर दोष यादीचा नसतो, पण नुकसान आपलं होतं.

मागे शेजारच्या गावात एका मुलाचा नवा कॉम्प्युटर पंधरा दिवसांत गेला. वाऱ्यात खांबावरचा न्यूट्रल तुटला होता. न्यूट्रल तुटला की काही घरांत २३०च्या जागी चारशेच्या आसपास व्होल्ट शिरू शकतात. एसएमपीएस स्वस्तातला. तो मेला तो मदरबोर्डला घेऊनच. पोराच्या आईने दोन वर्षं बचत गटात भरलेले पैसे होते ते. मी तो एसएमपीएस उघडला तेव्हा ती माऊली दारात उभी होती, आणि मला तिच्याकडे बघवलं नाही.

म्हणून भाच्याच्या घरी पहिला खर्च बोर्डात झाला. व्होल्टेज ठरावीक मर्यादेच्या वर किंवा खाली गेलं की लाइन तोडणारा प्रोटेक्टर बसवला. मग अर्थिंग. थ्री-पिनचं वरचं मोठं भोक बऱ्याच घरांत नुसतं शोभेला असतं, मागे वायरच नसते. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, त्या यामुळेच. एसएमपीएसमधला फिल्टर थोडासा प्रवाह अर्थिंगकडे सोडत असतो. त्याला जमिनीत जायला वाट नसली की कॅबिनेटचा पत्रा निम्म्या व्होल्टेजवर राहतो. लोक म्हणतात, ‘कॉम्प्युटरला करंट मारतोच.’ नाही मारत. मारला तर घराची अर्थिंग नाही असं समजा.

अर्थिंगचा पाइप निदान अडीच मीटर खोल जावा असं भारतीय मानक सांगतं. आमच्याकडे घराजवळ दोन फुटांवर कातळ लागतो. खूप शोधून न्हाणीचं पाणी जिथून खाचरात उतरतं तिथे खोल माती सापडली. पाइप, कोळसा, मीठ आणि वरून न्हाणीचं पाणी, म्हणजे ओल बारा महिने. भाच्याने स्वतः पहार मारली. हात सोलले, पण तक्रार केली नाही.

आता यादीकडे. त्याला जुनं आरटीएक्स ३०८० हवं होतं, वापरलेलं, म्हणून आवाक्यातलं. कार्ड ताकदीचं आहे, पण एकटंच ३२० वॅट खातं. आरटीएक्स ४०६० चं मान ११५ वॅटचं आहे. मी त्याला हिशेब करायला लावला. भिंतीतून ४०० वॅट ओढणारं मशीन २३० व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतं, १६८ वर तेच जवळपास २.४ अँपिअर घेतं. व्होल्टेज पडलं की एसएमपीएस जास्त करंट ओढून भरपाई करतो, आणि जुन्या वायरी तापतात. शेवटच्या खांबावरच्या घराने कार्ड निवडताना गेम किती पळतो याच्या जोडीला वॅट वाचलेच पाहिजेत. ४०६० ठरलं. प्रोसेसर रायझन ५ ५६००, सहा कोअरचा, ६५ वॅटचा. एवढ्यावर त्याचे सगळे गेम चालतात.

एसएमपीएसचं लेबल मात्र आम्ही दुकानात चष्मा लावून वाचलं. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो होतो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण पोरांच्या तोंडी जुनंच नाव. दुकानदाराने पुढे केलेल्या पहिल्या दोन खोक्यांवर इनपुट २०० ते २४० व्होल्ट होतं. असला एसएमपीएस आमच्याकडे संध्याकाळी मान टाकणार. १०० ते २४० लिहिलेला, ५५० वॅटचा, ब्राँझ दर्जाचा घेतला. यूपीएसचंही तसंच. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हेत, पुष्कळदा ३६०च असतात. १४० व्होल्टपर्यंत बॅटरीला हात न लावता चालणारा मोठा घेतला, नाहीतर रोज संध्याकाळी यूपीएस बॅटरीवर जाऊन वर्षात बॅटरी संपते. एवढ्या दुकानांत एकानेही विचारलं नाही, की कुठून आलात, तुमच्याकडे लाइट कशी असते? हा प्रश्न काउंटरवर विचारला गेला पाहिजे.

जोडणी पडवीत झाली. भाच्याने प्रोसेसर बसवताना श्वास रोखून धरला होता. सगळं लावून बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा काळा. रॅम काढून पुन्हा बसवली, काही नाही. तासाभराने त्यालाच दिसलं, की मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावलीय. ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, केबल कार्डालाच लागते. तो तास मला मोलाचा वाटतो. तयार खोकं आणलं असतं तर हा मुलगा कॉम्प्युटरला बाहेरूनच ओळखत राहिला असता. मुरबाडच्या एमआयडीसीत दोन सुट्ट्या काम करून त्याने यातले निम्मे पैसे जमवलेत. आत काय आहे ते कळणं हा त्याचा हक्क होता.

ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, तेव्हा बहिणीचा फोन आला, “दादा, आता हा बंद करायचा का?” तिला सांगितलं, तो पैसे लावायच्या खेळांवरचा कायदा आहे, याचा खेळ वेगळा. तिची भीती खोटी नव्हती. रमीच्या अॅपवर बुडालेली घरं आमच्या ओळखीत आहेत. पण ‘गेम’ हा एक शब्द ऐकून दोन्ही एकाच पोत्यात घालू नका, एवढंच आईबापांना सांगणं.

नोव्हेंबरात भाताची झोडणी झाली आणि कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर तुसाचा थर बसला. तो दर आठवड्याला झटकावा लागला. पावसाळ्यात मशीन भिंतीपासून वीतभर पुढे ठेवायचं, रोज थोडं चालवायचं, म्हणजे आत ओल धरत नाही. गडगडायला लागलं की प्लगसोबत इंटरनेटची केबलही काढायची. वीज दोन्हीकडून येते. मधल्या काळात रॅमचे भाव चढले, एआयच्या डेटा सेंटरांनी माल ओढून घेतला म्हणून. मेमध्ये खरेदी उरकली ते बरं झालं.

दर २ जानेवारीला आम्ही सिद्धगडला जातो. १९४३ मध्ये याच दिवशी स्वातंत्र्यलढ्यातले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इथे ब्रिटिश पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. १९४२ मध्ये त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले होते. सह्याद्रीच्या पाण्यावर खोपोलीला १९१५ पासून वीज होत होती, ती मुंबईच्या गिरण्यांना जायची, आणि त्या तारांखालच्या वाड्यांत रॉकेलच्या चिमण्या जळायच्या. यंदा भाचा सोबत होता. उतरताना त्याने विचारलं, “मामा, आपल्याकडे २३० कधी येणार?” पायथ्याच्या वाड्यांना नवी डीपी आणि जाड तारा मिळायला हव्यात, असं मी या लेखातून मागतो आहे. पोरांच्या खेळासाठी मागतो आहे, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

तोवर ज्यांच्या घरी यंदा अशी यादी तयार होते आहे त्यांनी एक करावं. मे महिन्यात, जमीन सगळ्यात कोरडी असते तेव्हा, ओळखीच्या वायरमनला बोलावून अर्थिंग मोजून घ्यावी. जुलैत कुणाचीही अर्थिंग चांगलीच दिसते.