जार झाली, पण आत काय आहे?

"बिल्ड सक्सेसफुल" या ओळीवर माझा काडीचाही विश्वास नाही. अँटवरून मेव्हनवर, मेव्हनवरून ग्रेडलवर उडी मारताना मंडळी छातीठोकपणे सांगतात, "दोन दिवसांचं काम. एक फाइल तर नव्याने लिहायचीय." साधं जावा ॲप्लिकेशन असेल तर ठीक. पण प्रोगार्डने क्लासची नावं पुसून ए, बी, सी केलेली असतील तर हा अंदाज चक्क थाप आहे.

का ते सांगतो. अँटमध्ये क्रम आपणच लिहिलेला असतो: कंपाइल, मग जार, मग प्रोगार्ड, शेवटी झिप. ग्रेडलचं ॲप्लिकेशन प्लगिन झिपमध्ये मूळ 'जार' टास्कचाच माल भरतं. प्रोगार्डची जार घे, असं त्याला वेगळं सांगावं लागतं. नाही सांगितलं तरी एरर येत नाही! प्रोग्राम छान चालतो, फक्त झाकायचा कोड उघडाच ग्राहकाकडे जातो.

उलटंही होतं. 'कीप'चे नियम नव्या बिल्डमध्ये आणायचे राहिले, की रिफ्लेक्शनने नावावरून शोधलेला क्लास सापडत नाही. कंपाइलरला याचा पत्ताच नसतो. प्रोग्राम पडतो तो थेट ग्राहकाकडे.

आणि मॅपिंग फाइल? जुन्या-नव्या नावांची ती यादी 'बिल्ड' फोल्डरात ठेवली, तर 'क्लीन' मारताच गायब. विंचूरला एका कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर काट्याचं सॉफ्टवेअर पडलं तेव्हा स्क्रीनवर नुसतं ए.बी.सी. होतं. बनवणाऱ्यांचं उत्तर काय, तर "मॅपिंग नाहीये, पुढच्या व्हर्जनमध्ये बघू." बाहेर शेतकरी पावतीसाठी ताटकळतोय. बिल्ड टूल काय त्याने बदललं होतं?

टूल जरूर बदला, माझी ना नाही. पण नव्या झिपमधली जार उघडा, क्लासची यादी जुन्या जारशी ताडून बघा. 'कीप'चे नियम वेगळ्या फाइलमध्ये ठेवून जसेच्या तसे न्या. दर रिलीजची मॅपिंग फाइल व्हर्जन नंबरासकट जपा. आणि टेस्ट करायची ती प्रोगार्डमधून निघालेल्या जारचीच.

लासलगाव बाजार समितीच्या विंचूर उपबाजारात लिलावात भाव ठरला, तरी खळ्यावर गाडी रिकामी होताना व्यापारी माल पुन्हा बघतोच. कांद्याची होते तेवढी तपासणी तरी जारची करा की राव!