जुनी गाडी का थरथरते?

आपल्यापैकी अनेकांच्या दारात अजूनही पंधरा-वीस वर्षांपूर्वीची हिरो होंडा स्प्लेंडर उभी असते. १९९४ साली ही गाडी बाजारात आली. पुढे दोन्ही कंपन्या वेगळ्या झाल्या, टाकीवरचे नाव बदलले. पण अब्बांनी घेतलेली गाडी आज मुलगा चालवतो आहे, अशी घरे गावोगावी आहेत. या गाडीची एक तक्रार हमखास ऐकू येते : "आधी एवढी थरथरत नव्हती, आता हात बधिर होतात." मग एक तर दुर्लक्ष होते, नाही तर मिस्त्री 'हाफ इंजिन करावे लागेल' म्हणतो आणि घरचा महिन्याचा हिशेब कोलमडतो. खर्चाला हो म्हणण्याआधी थरथर कुठून येते हे आपणच बरेचसे शोधू शकतो.

थोडी थरथर राहणारच, हे आधी लक्षात घ्या. या ९७.२ सीसीच्या इंजिनात एकच पिस्टन आहे. तो ४९.५ मिलिमीटर वर जातो, थांबतो आणि तेवढाच खाली येतो. इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर हे सेकंदाला ६६-६७ वेळा घडते. क्रँकला वजन देऊन या धक्क्यांचा काही भाग कमी केलेला असतो, पण सगळा जात नाही. आपल्याला शोधायची आहे ती नंतर वाढलेली थरथर.

आता चाकाचा हिशेब करू. ताशी ५० किलोमीटर वेगाला हे अठरा इंची चाक सेकंदाला साधारण साडेसात फेरे घेते. म्हणजे इंजिनाचा धक्का बारीक आणि वेगवान असतो. मुंग्या आल्यासारखा तो हाताला, पायाला झिणझिणतो. चाकाचा धक्का संथ असतो. हँडल किंवा सीट हलल्यासारखी वाटते. आपल्या गाडीत यातले काय होते, हे आधी ठरवा.

यानंतर दोन साध्या तपासण्या करा.

पहिली : गाडी मेन स्टँडवर लावून न्यूट्रलमध्ये सुरू करा. इंजिन गरम झाल्यावर हळूहळू रेस द्या. उभ्या गाडीतही तीच झिणझिण आली, तर चाक आणि चेन यांचा दोष नाही; इंजिन किंवा त्याची बांधणी पाहायची.

दुसरी : दिवसा, रिकाम्या सरळ रस्त्यावर, हेल्मेट घालून, ज्या वेगाला त्रास होतो त्या वेगाला जा. क्लच दाबा आणि रेस सोडा. चावी बंद करू नका. थरथर लगेच गेली, तर कारण इंजिनाकडे आहे. गाडी वेगात आहे तोवर ती तशीच राहिली, तर चाकाकडे : टायरला आलेला फुगा, रिमचा आउट, सैल आरे किंवा झिजलेले बेअरिंग. उभ्या गाडीत काही नाही, पण रेस देऊन गाडी ओढताना मात्र धडधड होते, असे असेल तर चेन सेट आणि मागच्या हबचे रबर पाहा. चेन एका जागी सैल आणि दुसऱ्या जागी ताठ लागत असेल, तर ती आवळून उपयोग नाही. सेटच बदलावा लागतो.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा अशीच गाडी घेऊन रोज बावीस किलोमीटर नोकरीला जातो. त्याला इंजिन उघडायला सांगितले होते. बहिणीने शिलाईच्या कामातून बाजूला ठेवलेले पैसे काढायचे ठरवले होते. "मामू, खरंच उघडावं लागेल का?" असे त्याने विचारले, तेव्हा आम्ही वरच्या दोन्ही तपासण्या केल्या. उभ्या गाडीतही झिणझिण होती आणि क्लच दाबताच जात होती. म्हणजे कारण इंजिनाकडे. पण 'इंजिनाकडे' म्हणजे 'इंजिनाच्या आत' असे नव्हे. इंजिनाला चेसिसशी धरून ठेवणारे फाउंडेशन बोल्ट पाहिले, तर पुढच्या बोल्टचा नट पान्याने सहज अर्धा फेरा फिरला. सायलेन्सरचा एक बोल्ट तर जागेवर नव्हताच. नवे नट-बोल्ट आले, नीट आवळले गेले. मग प्लग बदलला, टॅपेट सेट केले. गाडी नवीसारखी झाली नाही, पण हात बधिर होणे थांबले आणि बहिणीचे पैसे वाचले.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी फाउंडेशन बोल्ट, सायलेन्सर आणि फूटरेस्टचे बोल्ट. मग प्लग, एअर फिल्टर, कार्बोरेटर आणि टॅपेट, विशेषतः गाडी स्लोला अडखळत असेल तर. इंजिन उघडण्याचा विषय सगळ्यात शेवटी. मात्र ऑइल नीट असूनही आतून ठकठक असा जड आवाज येत असेल आणि तो रेसबरोबर वाढत असेल, तर क्रँकचे बेअरिंग किंवा कनेक्टिंग रॉड गेला असण्याची शक्यता असते. तेव्हा उशीर करू नका. आणि इथे एक प्रश्न जरूर विचारा. हाफ इंजिनमध्ये हेड आणि बोअर-पिस्टनचे काम होते, क्रँक उघडली जात नाही. दोष क्रँकचा सांगितला आणि काम हाफ इंजिनचे सुचवले, तर त्या खर्चाने थरथर जाणार कशी?

मिस्त्रीकडे जाताना नुसते 'गाडी थरथरते' म्हणू नका. "चाळीसच्या पुढे होते, न्यूट्रललाही होते, क्लच दाबला की जाते," असे सांगा. चांगल्या मिस्त्रीला एवढ्यावरून निम्मे काम कळते. काम झाल्यावर बदललेले सुटे भाग मागून घ्या. त्यात अपमान वाटण्यासारखे काही नाही.

दुर्लक्ष मात्र नको. सैल बोल्टवर चालणारी गाडी हळूहळू इंजिनाची पकड आणि चेसिसचा जोड दोन्ही खराब करते. चाकाचे बेअरिंग गेले असेल, तर धोका खिशाला नसून मागे बसलेल्या अम्मीला आणि पुढे टाकीवर बसवलेल्या लेकराला असतो. पुढच्या सुट्टीच्या दिवशी अर्धा तास काढा आणि गाडी मेन स्टँडवर लावा. सुरुवात फाउंडेशन बोल्टपासून करा.