आधी इंजेक्शन, मग पुणे

छातीत दुखू लागले की आपल्याकडे पहिला संशय येतो तो गॅसवर. ओवा चावून होतो, सोडा पिऊन होतो, कोणीतरी पाठ चोळून देते. असे तास-दोन तास गेले आणि घाम काही थांबेना, की घरातले कोणी जाणते माणूस म्हणते, "गाडी काढा, थेट पुण्याला नेऊ." यातले पहिले चुकते हे आता बऱ्याच जणांना पटू लागले आहे. दुसरेही पुष्कळदा चुकते, हे मात्र अजून पटत नाही. आजचा लेख त्यासाठीच.

हृदयविकाराचे झटके सगळे सारखे नसतात. एका प्रकारात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी रोहिणी गुठळीने पूर्ण बंद होते. कार्डिओग्रामच्या पट्टीवर 'एस-टी' नावाचा भाग तेव्हा वर उचललेला दिसतो. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून डॉक्टर मंडळी याला 'स्टेमी' म्हणतात. दुसऱ्या प्रकारात रोहिणी बहुधा पूर्ण बंद झालेली नसते, पट्टीवर हा उंचवटा दिसत नाही आणि निदानासाठी रक्तातील ट्रोपोनिन तपासावे लागते. आज मी फक्त पहिल्या प्रकाराविषयी लिहितो आहे. या प्रकारात रक्त न मिळालेला स्नायू दर मिनिटाला थोडा थोडा मरत असतो, आणि मेलेला स्नायू परत येत नाही.

गंमत अशी की, गुठळीमुळे झटका येतो की झटक्यानंतर गुठळी होते, यावर डॉक्टरांतच बरीच वर्षे वाद होता. अमेरिकेतील स्पोकेन या गावच्या डॉ. डीवुड यांनी झटका आलेल्या रुग्णांच्या रोहिण्यांचे फोटो ताबडतोब काढायचे धाडस केले. 1980 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. पहिल्या चार तासांत तपासलेल्यांपैकी 87 टक्के रुग्णांची रोहिणी पूर्ण बंद होती. वाद तिथे जवळजवळ मिटला. गुठळीच जर कारण असेल, तर ती विरघळवली पाहिजे.

गुठळी विरघळवणारे औषध तर केव्हाचे माहीत होते. घसा सुजवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जंतूपासून मिळणारा हा गुण डॉ. टिलेट यांनी 1933 मध्येच नोंदवला होता. तेच स्ट्रेप्टोकायनेज. इटलीतील 176 हृदयरोग कक्षांनी एकत्र येऊन सुमारे 11,800 रुग्णांवर त्याची चाचणी केली. निम्म्यांना शिरेतून औषध, निम्म्यांना नेहमीचे उपचार. 1986 मध्ये निकाल आला. तीन आठवड्यांत नेहमीच्या उपचारांच्या गटातले 13 टक्के दगावले, औषधाच्या गटातले 10.7 टक्के. पण माझ्या मते त्या चाचणीतला खरा आकडा वेगळाच आहे. दुखणे सुरू झाल्यापासून एका तासाच्या आत ज्यांना औषध मिळाले, त्यांच्यातील मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. सहा तासांनंतर आलेल्यांना त्या चाचणीत फायदा दिसला नाही. तेच औषध, तीच मात्रा. फरक फक्त वेळेचा.

त्यानंतर 1988 मध्ये आयसिस-2 नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. 417 रुग्णालये, 17,187 रुग्ण. औषध आणि ॲस्पिरिन दोन्ही मिळालेल्यांपैकी पाच आठवड्यांत 8 टक्के दगावले, दोन्ही न मिळालेल्यांपैकी 13.2 टक्के. काही पैशांची ॲस्पिरिनची गोळी एवढे काम करते हे तेव्हा जगाला कळले. (राशिभविष्य वाचणाऱ्यांसाठी थोडे विषयांतर. या चाचणीच्या लेखकांनी रुग्णांची राशीवार विभागणीही छापली. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना म्हणे ॲस्पिरिनचा उपयोग नाही! आकडे फार बारीक चिरले की त्यातून काहीही निघते, हे दाखवण्यासाठी त्यांनी मुद्दाम केलेली थट्टा होती. मिथुन राशीच्या वाचकांनी काळजी करू नये.)

आता तोट्याचे बोलू. हे औषध गुठळी विरघळवते, म्हणून रक्तस्रावही घडवू शकते. 1994 मध्ये नऊ मोठ्या चाचण्यांतील 58,600 रुग्णांचा एकत्र हिशेब मांडला गेला. पट्टीवर उंचवटा असलेले रुग्ण सहा तासांच्या आत आले, तर हजारामागे सुमारे 30 जीव अधिक वाचतात. पहिल्या एक-दोन दिवसांत पक्षाघाताचे हजारामागे सुमारे 4 रुग्ण वाढतात. म्हणूनच मेंदूत पूर्वी रक्तस्राव झालेल्याला, नुकतेच मोठे ऑपरेशन किंवा पक्षाघात झालेल्याला हे देत नाहीत. आणि दुसऱ्या प्रकारच्या झटक्यात, जिथे उंचवटा नसतो, तिथे याचा फायदा दिसत नाही, धोका मात्र उरतो. त्यामुळे कार्डिओग्राम न काढता हे इंजेक्शन कोणी मागू नये आणि कोणी देऊ नये.

मग अँजिओप्लास्टी? ती या औषधापेक्षा सरसच आहे. 2003 मध्ये 23 चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. औषधाने 9 टक्के मृत्यू, अँजिओप्लास्टीने 7 टक्के. पुण्यात किंवा मुंबईत रुग्णालयाशेजारी राहणाऱ्याने थेट तिकडेच जावे. पण ही तुलना वेळेवर झालेल्या अँजिओप्लास्टीशी आहे. निदानापासून दोन तासांच्या आत ती होणार नसेल तर आधी इंजेक्शन द्या आणि मग रुग्ण हलवा, असे आज जगभरचे हृदयरोगतज्ज्ञ सांगतात. आमच्या तालुक्यातून पुण्याला साडेतीन तास लागतात, तेही घाटात ट्रक अडकला नसेल तर. वर ॲडमिशन, सह्या, पैशांची जुळवाजुळव. दोन तासांचा हिशेब इथे बसतच नाही.

2013 ची स्ट्रीम नावाची चाचणी तर जणू आमच्यासारख्या गावांसाठीच केलेली. तासाभरात अँजिओप्लास्टी शक्य नसलेल्या 1,892 रुग्णांपैकी निम्म्यांना टेनेक्टेप्लेज हे नवे, एका दमात टोचता येणारे औषध देऊन मग मोठ्या रुग्णालयात नेले. उरलेल्यांना थेट अँजिओप्लास्टीसाठी. दोन्ही गटांचे निकाल जवळजवळ सारखे निघाले. मेंदूतील रक्तस्राव इंजेक्शनच्या गटात थोडा जास्त होता; पंचाहत्तरीपुढच्यांची मात्रा निम्मी केल्यावर तोही घटला. मात्र लक्षात घ्या, इंजेक्शन घेतलेल्या तिघांतल्या एकाहून अधिक जणांना तातडीने अँजिओग्राफी करावी लागली. म्हणजे इंजेक्शन घेऊन बरे वाटले म्हणून घरी जायचे नाही. पुणे टळत नाही, फक्त दुसऱ्या नंबरावर जाते.

हे परदेशी आकडे झाले असे कोणी म्हणेल. आपल्या देशातील 50 शहरांतील वीस हजारांहून अधिक रुग्णांची 'क्रिएट' ही नोंद 2008 मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्णांना रुग्णालयात पोचायला लागलेला वेळ, मधला आकडा धरला तर, सहा तास! तमिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्या रुग्णालयांना जोडून कार्डिओग्राम पाठवण्याची आणि इंजेक्शन देऊन हलवण्याची शिस्त लावली, तेव्हा एका वर्षातील मृत्यू 17.6 टक्क्यांवरून 14.2 टक्क्यांवर आले. हा अभ्यास 2017 मध्ये छापून आला. नवे यंत्र कोणी शोधले नव्हते, असलेलीच माणसे आणि औषधे जोडली होती.

मग आपल्याकडे अडते कुठे? कार्डिओग्रामचे मशीन असते, पण रात्री काढणारा नसतो. इंजेक्शन यादीत असते, कपाटात नसते. आणि एक गोष्ट आम्ही डॉक्टर चारचौघांत बोलत नाही. इंजेक्शन दिल्यावर रुग्ण दगावला तर नातेवाईक दवाखाना फोडतील, ही भीती. "पुढे घेऊन जा" अशी चिठ्ठी दिली की वाटेत काय होईल त्याचा जाब आम्हाला कोणी विचारत नाही. ही सुरक्षितता डॉक्टरची आहे, रुग्णाची नाही. माझ्या व्यवसायबंधूंना हे वाक्य आवडणार नाही, पण ते मी लिहिणारच. वाचकांनीही हे समजून घ्यावे की धोका पत्करून इंजेक्शन देणारा डॉक्टर तुमचा शत्रू नव्हे.

तेव्हा घरात सगळे धडधाकट असतानाच एकदा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आणि एखाद्या खासगी दवाखान्यात जाऊन विचारून या, रात्री दोन वाजता कार्डिओग्राम निघेल का आणि गुठळीचे इंजेक्शन शिल्लक आहे का. वेळ आलीच तर 108 ला फोन करा. रुग्णाला मोटारसायकलवर मध्ये बसवून आणू नका. जिभेखालची सॉर्बिट्रेट गुठळी विरघळवत नाही, उलट काहींचा रक्तदाब एकदम उतरवते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती देऊ नका. पहिली पट्टी नॉर्मल आली आणि दुखणे चालूच असेल, तर पंधरा-वीस मिनिटांनी दुसरी काढायला सांगा. आणि इंजेक्शन मिळालेच, तर त्या कार्डिओग्रामच्या कागदावर औषधाचे नाव व दिल्याची वेळ डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद रुग्णाबरोबरच पाठवा. पुण्याचे डॉक्टर सर्वांत आधी तोच मागतात.