नाशिकची बाटली आणि कोकणचं बोंड

मंडळी, यावेळी जरा भांडायचं आहे. शांतपणे काहीतरी वाचायला आला असाल तर पुन्हा कधीतरी या. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक जाहिरात आली. "कोकण कोस्टल वाईन अँड सीफूड ट्रेल". ठाण्याहून एसी बस, दोन रात्री, तीन दिवस. समुद्राकाठी सूर्यास्त, सोबत नाशिकच्या तीन वाईन्स, चीज, क्रॅकर्स. दुसऱ्या दिवशी "ऑथेंटिक मालवणी थाळी" आणि संध्याकाळी वाईन कशी हुंगावी, पेला कसा गोल फिरवावा याचं प्रात्यक्षिक. (टूरवाल्याचं नाव देत नाही. तो एकटा नाही, असे आता डझनभर आहेत.) ग्रुपवर लगेच अंगठ्यांचा पाऊस. "वॉव", "क्लासी", "एकदम युरोपसारखं!"

तर मुद्दा असा की मला हे अजिबात क्लासी वाटत नाही, आणि का वाटत नाही ते नीट सांगायचंय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर आत्याचा फोन येईल. वाईनला माझा विरोध नाही. नाशिकला जाऊन मी ती चवीने प्यायले आहे, पुन्हाही पिईन. नारायणगावला श्यामराव चौगुल्यांनी १९८० च्या दशकात वाईन करायला घेतली तेव्हा लोक हसले असतील. पुढे राजीव सामंतांनी नाशिकजवळ सुला उभी केली आणि २००० साली त्यांची पहिली वाईन बाजारात आली. गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षमळ्यात बसून, जानेवारी-फेब्रुवारीत वेलींवर घड लटकत असताना, त्याच मातीतली वाईन पिणं हा सुंदर अनुभव आहे. तो सुंदर आहे कारण द्राक्ष समोर आहे, शेतकरी समोर आहे, माती बुटाला लागलेली आहे.

मग तीच बाटली कसारा घाट उतरवून, जांभ्या दगडाच्या आणि शंभर इंच पावसाच्या मुलखात नेऊन, माडाखाली उघडायची? कशासाठी? ती बाटली डोंबिवलीत स्टेशनच्या बाहेर मिळते की! युरोपात समुद्रकाठच्या गावी लोक वाईन पितात कारण ती पलीकडच्या टेकडीवर तयार होते. पोर्तुगालच्या उत्तर किनाऱ्यावर भाजलेल्या मासळीबरोबर विन्यू व्हेर्द पितात, ती त्याच भागातली. आपण त्यांच्याकडून पेला घेतला, पेला फिरवायची पद्धत घेतली, आणि जे खरं घ्यायचं होतं ते तिथेच सोडून आलो. जिथे जावं तिथलं खावं आणि तिथलंच प्यावं, एवढंच ते होतं.

आता विचारा, कोकणातलं "तिथलं" काय?

एप्रिलमध्ये वेंगुर्ला, सावंतवाडी, दोडामार्ग भागात एकदा जाऊन या. काजूच्या बागेत शिरलात की आधी वास येतो. गोड, आंबूस, जरासा डोकं धरणारा. जमिनीवर लाल-पिवळ्या बोंडांचा खच. बी पिळून काढून घेतात, ती वाळवतात, विकतात, आणि बोंड तिथेच टाकतात. बीच्या कितीतरी पट वजनाचं ते रसाळ फळ गुरांनी खाल्लं तर खाल्लं, नाहीतर कुजतं. थोड्या बोंडांचं सरबत, सिरप होतं, पण रोज पडणाऱ्या बोंडांपुढे ते काहीच नाही. माझ्या आजोळी लहानपणी आम्ही मीठ लावून बोंडं खायचो आणि घसा खवखवला की आजीचा ओरडा खायचो. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळालं. मान बीला, आणि बोंड मातीत!

आता तेरेखोलची खाडी ओलांडा. तीच झाडं, तीच माती, जवळजवळ तीच भाषा. पण पलीकडे बोंडं गोळा होतात. ती तुडवून रस काढतात, चार-पाच दिवस आंबवतात आणि भट्टीवर लावतात. पहिल्या धारेचा तो हुर्राक. मार्च ते मे एवढाच मिळतो, आणि गोव्याची माणसं आपण हापूसची वाट बघतो तशी त्याची वाट बघतात. पुन्हा गाळली की फेणी. २००९ साली गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, पुढे गोवा सरकारने तिला राज्याचं वारसा पेय म्हणून मान्यता दिली. पर्यटक बागेत जाऊन बोंडं तुडवतात, भट्टी बघतात, चव घेतात, बाटली घेऊन जातात. म्हणजे खाडीच्या एका बाजूला वारसा, आणि दुसऱ्या बाजूला तेच केलं तर पोलिसांचा छापा!

कायद्याचा हा फरक आभाळातून पडलेला नाही. याची मुळं आपल्या ठाणे जिल्ह्यातच सापडतात. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी-माडी काढायला परवाना आणि झाडागणिक कर आला. पिढ्यान्‌पिढ्या माडावर चढणाऱ्या भंडाऱ्यांचा धंदा त्याने मोडत आणला. १८९२ मध्ये खास मोहाच्या फुलांसाठी कायदा झाला, तो ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. आपल्याच रानातली फुलं वेचून साठवायला आदिवासींवर बंधनं आली. इंग्रजांना लोकांच्या तब्येतीची काळजी होती असं कुणाला वाटत असेल तर वाटो बापडं. घरची दारू बंद झाली की सरकारमान्य ठेकेदाराची खपते, हा साधा हिशोब होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. त्याचा हेतू वेगळा होता, मोरारजींचा होता, प्रामाणिकही होता. पण गावची भट्टी आधी होती तशीच गुन्हेगार राहिली.

आणि मग २००१ साली याच महाराष्ट्राने द्राक्षांपासून वाईन करायचं वेगळं धोरण आणलं. करात सवलती, परवान्यात सुलभता, वाईन पार्क. का, तर शेतकऱ्याच्या मालाला भाव मिळावा. उत्तम! मी टाळ्या वाजवते. नाशिक आज जे आहे त्यात या धोरणाचा मोठा वाटा आहे. पण मग काजूवाला शेतकरी नाही का? मोहाची फुलं वेचणारी शहापूर-जव्हारची बाई कोण आहे? एका फळाचा रस आंबला की ती संस्कृती, आणि दुसऱ्याचा आंबला की हातभट्टी?

यातला विनोद तर पुढेच आहे. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं की काजूची बोंडं, मोहाची फुलं यांपासून केलेल्या मद्याला "देशी" ऐवजी "विदेशी मद्या"च्या वर्गात घालायचं. हेतू चांगला होता, प्रतिष्ठा मिळावी हाच. पण शब्द बघा. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, त्याचं एकवेळ सोडून देऊ. पण मोह? सह्याद्रीच्या रानातला मोह विदेशी! आपल्याकडे एखाद्या गोष्टीला मान द्यायचा तर आधी तिला परकी ठरवावं लागतं. त्या टूरच्या जाहिरातीवर "वॉव" लिहिणारे माझे शेजारी आणि मंत्रालयातले साहेब यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही.

आता आक्षेप. सगळ्यात मोठा आक्षेप माझ्याच घरातला आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. माझी मावशी म्हणते, "तुला काय जातंय लिहायला? दारूने संसार कसे बसतात ते आम्ही बघितलंय." खरं आहे. गावागावांत बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली ती हौस म्हणून नाही. २००४ ला विक्रोळीत, २०१५ ला मालाडच्या मालवणीत विषारी दारूने माणसं मेली, दोन्ही वेळा शंभराच्या आसपास. शहरातल्या ताडीत क्लोरल हायड्रेट कालवतात, हेही वारंवार उघडकीला आलंय.

पण मावशी, एक सांग. मालवणीत माणसं मेली ती मिथेनॉलने. ते कारखान्यातलं रसायन आहे, माडातून गळत नाही. विष येतं ते चोरवाटेने, आणि चोरवाट तयार होते जिथे सरळ वाट नसते. ज्या भट्टीला परवाना आहे, जिथे तपासणी होते, जिथे पर्यटक दिवसाढवळ्या येऊन बसतो, तिथे विष कालवणं सोपं नाही. आणि संसार बुडण्याचंच म्हणशील, तर ते आज गावात मिळणाऱ्या सरकारमान्य क्वार्टरनेही बुडतायत, त्यावरचा कर तर सरकार आनंदाने घेतं. सगळंच बंद करा म्हणणाऱ्या बाईशी मी भांडत नाही, तिचा अधिकार माझ्यापेक्षा मोठा आहे. माझं भांडण आहे ते वाईन चालते पण माडी म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांशी. यात नैतिकता कुठे आहे? फक्त पेल्याचा आकार आहे.

माडीचं एक वैशिष्ट्य तर या वाईन ट्रेलवाल्यांनी खास ऐकावं. ती टिकत नाही. पहाटे उतरवली की गोड, उन्हं चढली की आंबूस, संध्याकाळपर्यंत कडक, आणि अजून ठेवली की शिरका. वाईनची बाटली तुमच्याकडे येते, माडीसाठी तुम्हालाच जावं लागतं, तेही लवकर उठून. सहलीला जायचं याहून चांगलं कारण कुठलं? आणि ती नुसती पिण्याची गोष्ट नव्हेच. गोव्यातल्या सान्नां माडीने फुगतात, पाव पूर्वी तिच्यावर फुगायचा, विंदालूत तिचाच शिरका जातो. प्यायचं आणि खायचं ही दोन वेगळी खाती आपण पाडली, किनाऱ्याने नाही.

खाण्याचंही तेच. "ऑथेंटिक मालवणी थाळी" म्हणजे काय, तर बारा महिने सुरमई, पापलेट आणि कोळंबी. मे महिन्यात पापलेट मागायचं, जून-जुलैत मासेमारी बंद असताना "फ्रेश" मागायचं, आणि खानावळवालीने बर्फातला काढून दिला की "पूर्वीची चव राहिली नाही" म्हणायचं! तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, मोरीचं मटण, तिसऱ्यांचं सुकं, कुळथाची पिठी, ओल्या काजूची उसळ, नारळाच्या रसातल्या शिरवाळ्या, खापरोळ्या, काकडीचं धोंडस... यातलं किती त्या थाळीत असतं? नसतं, कारण आपण मागत नाही. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. इतक्या वर्षांत आपण तिथल्या बायकांना पनीर टिक्का करायला शिकवलं, बाकी काय केलं?

नुसती टीका करून थांबले तर तुम्ही म्हणाल, बोलणं सोपं आहे. म्हणून माझा बेत सांगते.

हिवाळ्यात बोर्डी. कोपरला वरच्या फलाटावर जाऊन वसईची गाडी पकडा, तिथून डहाणू, पुढे बोर्डी जवळच. २०१४ पर्यंत हा आपल्याच ठाणे जिल्ह्याचा भाग होता, आता पालघर. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे, आणि बोर्डीत चिकूची वाईन तयार होते! समुद्र पाच मिनिटांवर, चिकूच्या वाड्या सभोवार, फळ समोरच्या झाडावरचं. वाईन आणि किनारा एकत्र हवाच असेल तर हा घ्या, आणि विशेष म्हणजे यासाठी घाटावरून बाटली उतरवावी लागत नाही. मला ही वाईन द्राक्षाच्या वाईनइतकी आवडते का? तेवढी नाही, थोडी गोड लागते. पण ती तिथली आहे.

एप्रिलमध्ये वेंगुर्ला. ठाण्याहून मांडवी एक्सप्रेस किंवा रात्रीची कोकणकन्या, कुडाळ किंवा सावंतवाडीला उतरायचं. हॉटेल नको, घरगुती निवास-न्याहारी बघा. सकाळी मासळी बाजारात जाऊन जे आलं असेल तेच घ्यायचं, यादी घरून न्यायची नाही. घरच्या बाईंना विचारायचं, "तुमच्याकडे आज काय करणार होतात?" आणि तेच जेवायचं. जेवणासोबत सोलकढी, तिच्याइतकी त्या मसाल्याला साजेशी दुसरी गोष्ट अजून जन्माला यायची आहे. तिसऱ्या दिवशी खाडी ओलांडून पलीकडे हुर्राक, ज्यांना प्यायचा असेल त्यांनी. (गाडी चालवणाऱ्याने नाही!) आणि परत येताना अलीकडच्या बागेत पडलेली बोंडं बघायची. तो पैसा आपल्या गावात राहिला असता, हे तिथे उभं राहिल्यावर जास्त कळतं.

टूरवाल्यांकडून माझी काही अपेक्षा नाही, ते मागणीप्रमाणे पुरवतात. अपेक्षा आहे ती मागणाऱ्यांकडून, म्हणजे तुमच्याकडून. विचारा त्यांना: नाशिकची वाईन तारकर्लीत का? मोरीचं मटण का नाही? बोर्डी का नाही? दहा लोकांनी विचारलं तर अकराव्या सहलीत फरक पडेल. आणि सिंधुदुर्गातले जे नातेवाईक हे वाचतायत त्यांनी आपल्या आमदाराला बोंडाबद्दल विचारा, द्राक्षाला मिळालं ते बोंडाला कधी मिळणार म्हणून.

असो. बरंच झालं. सोसायटीच्या ग्रुपवर मी अंगठा दिलेला नाही, हे एव्हाना सगळ्यांच्या लक्षात आलं असेलच. मावशी, तुझ्याशी फोनवर बोलते. बाकी कुणाला भांडायचं असेल तर जरूर भांडा, फक्त आधी एकदा एप्रिलमध्ये तो वास घेऊन या.